आईची जांभळी लोकर

कुचिलार, १४ ऑगस्ट १९९४

प्रिय फौस्तो,

चेलोकाकांच्या बसने तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, हुकूमच तो! "ताई, आईने रंगवलेल्या लोकरीच्या लडी पाठव, गाडीच्या आरशाला फूल बांधीन, घरची आठवण राहील." वाचून आधी डोळे भरून आले, मग रागच आला. आठवण येते तर माणूस स्वतः येतो रे, लोकर नाही मागवत. पण पाठवते आहे, जांभळी आणि पिवळी. जांभळी जपून वापर. तो रंग आईबरोबर गेला. कुठल्या मुळाचा काढतेस म्हणून किती वेळा विचारलं तिला. "सांगीन, घाई काय आहे," म्हणत राहिली आणि राहूनच गेलं.

मी आता तळ्याच्या नाक्यावर बसते. वनखात्याने तळं, मिठाचं मैदान आणि वरचं झऱ्याचं कुरण गावाकडे सांभाळायला दिल्यापासून आपण मोठी माणसं झालो. राखीव उद्यान म्हणे! जिथे आपण लहानपणी शेण गोळा करायचो तिथे लोक तिकीट काढून येतात आणि "अहाहा" करतात. परवा राजधानीतली, सांतियागोची एक बाई उंच टाचांचे बूट घालून आली. मिठाच्या कवचावर पाय टाकला आणि टाच गेली आत. फ्लेमिंगो राहिले बाजूला, सगळी बस तिचा बूट उपटत बसली. मी पोट धरून हसले आणि मग तिला माझ्या चपला दिल्या.

मागच्या खोलीत एक भाडेकरू ठेवलाय. आन्सेल्मो नावाचा म्हातारा, दक्षिणेतल्या वाल्दिवियाचा. तिकडे छत्री म्हणे मिटतच नाही. छातीच्या दुखण्याला डॉक्टरने कोरडी हवा सांगितली. माणूस बरा आहे, ताटात काही टाकत नाही. एकच खोड, सकाळी निघतो आणि लाल घळीतून, गरम पाण्याच्या झऱ्यांवरून, चंद्रासारख्या त्या ओसाड टेकड्यांवरून दगड वेचून आणतो. काचेच्या बरण्यांत भरून खिडकीत मांडतो. विचारलं तर म्हणतो, "रंग आहेत हे, देल्मिराबाई." दगडाला रंग असतो हे काय त्याने शोधून काढलं?

गाव त्याच्याकडे वाकड्या डोळ्याने बघतंय. गेल्या वर्षी खाणकंपनीवाले पाण्यासाठी झऱ्यापाशी लाकडी खुंट्या ठोकून गेले होते त्याची धास्ती अजून आहे. त्या खुंट्या गावात पाणी वाटून देणाऱ्या हिलारियोन आजोबांनी दुसऱ्याच दिवशी उपटल्या आणि त्यांवर बटाटे भाजले. सरपण इथे फुकट मिळतं का! पण हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही. बोअर मारून कंपनीने झरा ओढला तर तळं आटेल, कुरण वाळेल, जनावरं जातील. मग आपण काय मीठ चाटत बसायचं?

तुझा कपितान मजेत आहे. आईने मरताना तुझ्या नावावर केलेला लामा म्हणून त्याला मी दोन मुठी चारा जास्त घालते. तो थुंकतो माझ्यावरच. ऑक्टोबरात पाटसफाईला ये. दोन वर्षं तू आलेला नाहीस, लोक विचारतात.

तुझी ताई,
देल्मिरा

*

कलामा, ३० ऑगस्ट १९९४

प्रिय ताई,

लोकर मिळाली. फूल बांधलं आरशाला. काय सांगू, गाडी सुरू केली की ते हलतं आणि आई शेजारी बसल्यासारखी वाटते. माझ्याबरोबरचे ड्रायव्हर तर मागेच लागलेत, आम्हालाही दे म्हणून. अजून लडी असतील तर पाठव ना. सगळ्या पाठवल्यास तरी चालेल, तिकडे पेटीत पडून कसरच लागणार.

काम चालू आहे. कंत्राटदाराची गाडी चालवतो, आज सिमेंट, उद्या पाइप. साहेब खूश आहे. येत्या डिसेंबरच्या उन्हाळ्यात कायम करतो म्हणालाय. कायम झालो की घर मिळेल. रोसाउराला दिवस गेलेत, हे तुला सांगायचं राहिलंच. भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत पोर वाढवायचं नाही मला.

ताई, त्या म्हाताऱ्याचं मात्र मला काही ठीक दिसत नाही. तू भोळी आहेस. दगड बरणीत भरून नेतात ते कोण, सांग बघू? खनिज शोधणारे! मी रोज बघतो असली माणसं. बाहेरून देवमाणूस आणि आतून कंपनीचा. छातीचं दुखणं म्हणे! छाती दुखणारा माणूस एवढ्या उंचीवर टेकड्या चढतो? तू त्याच्यावर नजर ठेव. नजर ठेव म्हणजे अगदी त्याच्यावरच ठेव, बाकी इकडेतिकडे फिरत बसू नकोस, थंडी फार आहे.

सहज म्हणून विचारतो, वरच्या कुरणाकडे हल्ली कोणी जातं का? की जनावरं खालीच आहेत?

पाटसफाईचं जमेलसं दिसत नाही. पाळ्या लागल्यात.

तुझा,
फौस्तो

*

कुचिलार, २३ ऑक्टोबर १९९४

फौस्तो,

बाळाची बातमी अशी शेपटाला बांधून सांगतात का रे गधड्या! रोसाउराला म्हणावं कडू काही खाऊ नको आणि उंबऱ्यात बसू नको. मी टोपी विणायला घेतली आहे.

पाटसफाई झाली. तुझ्या वाट्याचा पाट मी उपसला. फावडं घेऊन उतरले तर सगळ्यांनी माना वळवल्या. हिलारियोन आजोबा तेवढे म्हणाले, "बाई, भावाचा गाळ किती वर्षं काढणार?" मी म्हटलं, "गाळ माझ्या पदरात, पाणी त्याच्या वावरात, तुमचं काय जातंय?" तोंडावर बोलले, पण मनातून लाज वाटली. पाणी सोडलं तेव्हा आजोबांनी नाव घेऊन घेऊन एकेका घराची पाणीपाळी पुकारली. तुझं नाव घेताना जरा थांबले. मी "हजर" म्हटलं.

आता एक नवल ऐक. वरच्या कुरणात, झऱ्याच्या भोवती आणि तळ्याच्या वरच्या अंगाला दगडांच्या लहान लहान राशी उभ्या राहिल्यात. खिंडीत आपण येताजाता दगड ठेवून आपाचेता रचतो ना, तशाच, पण गुडघ्याएवढ्या. वर चपटा दगड आणि त्याखालून लोकरीचं फूल डोकावतंय. धुळीने रंग कळत नाही. कोणी केलं, कधी केलं, कोणालाच ठाऊक नाही. आजोबा म्हणाले, कोणीतरी धरित्रीला नवस बोललाय, नाव विचारू नये, हात लावू नये. मग काय, सगळ्यांनी जाऊन वाइन शिंपडली, कोकाची पानं ठेवली. मी तर प्रवासी उगाच चाळा करतील म्हणून दोरी लावली आणि पाटी लिहिली, "हे पवित्र आहे. स्पर्श करू नये." आजोबांनी माझी पाठ थोपटली.

काही लोक म्हणतात म्हाताऱ्यानेच केलं. तो शपथ घेऊन नाही म्हणतो. दगडांपाशी तासन्‌तास बसतो खरा, आणि कुठेतरी पाणी मुरतंय असं मलाही वाटायला लागलंय. परवा त्याच्या खोलीत झाडायला गेले तर त्याने बरण्यांवर घाईघाईने फडकं टाकलं. प्रामाणिक माणूस फडकं टाकेल का?

उरलेल्या लडी सगळ्या पाठवते आहे. ड्रायव्हरांना दे, पण कोणाच्या आईच्या हातची आहे ते सांगून दे. मला कार्निव्हलच्या फुलोऱ्याला, लामांच्या कानात बांधण्यापुरती खालची जुनी लड ठेवलीय, तीही अर्धी कसरीने खाल्लेली निघाली. तू म्हणालास ते खरं झालं.

देल्मिरा

*

कलामा, ९ नोव्हेंबर १९९४

प्रिय ताई,

तू दोरी लावलीस हे फार म्हणजे फारच उत्तम केलंस. वाचून जिवात जीव आला. तुला आठवत नसेल, तू तेव्हा तळ्यावर गुरं घेऊन असायचीस, पण आपले सख्खे आजोबा मला सांगायचे की पूर्वी झऱ्याच्या सीमेला अशाच राशी रचत. त्यातला दगड जरी हलवला तरी हात वाळतो म्हणायचे. तेव्हा कोणाला हात लावू देऊ नकोस. वाऱ्याने एखादी ढासळली तर होती तिथेच पुन्हा रच, जरासुद्धा इकडेतिकडे नको. धरित्रीचं काम आहे, नेमकं हवं.

राहता राहिला म्हातारा. ताई, तुला मी किती सांगू? फडकं टाकतो, तासन्‌तास बसतो, दगड गोळा करतो. अजून काय पुरावा पाहिजे, त्याने कपाळावर लिहून हिंडायचं? तो तिथे बसून काय बघतो ते विचार गावाला. तो जाईपर्यंत माझ्या डोळ्याला डोळा लागणार नाही. गावसभेपुढे काढ त्याला. तू पुढाकार घेतलास तर तुझंच नाव होईल. पाटसफाईचं जे बोलतात ते पण बंद होईल.

रोसाउरा बरी आहे. टोपी मोठी विण, आपल्याकडची डोकी मोठी असतात.

तुझा,
फौस्तो

*

कुचिलार, १२ डिसेंबर १९९४

फौस्तो,

काढला म्हाताऱ्याला. तुझ्या मनासारखं झालं.

गावसभा शाळेत भरली. मीच उभी राहिले आणि मीच बोलले, तू शिकवलेलं सगळं. खनिज, कंपनी, फडकं. त्याला बोलावलं. तो बरण्या घेऊनच आला, एक एक उघडून टेबलावर मांडल्या. दगड कुटून वस्त्रगाळ केलेले. लाल घळीचा लाल, गरम झऱ्यांचा पिवळा, तांब्याच्या डोंगराचा हिरवा. म्हणाला, "मी चित्रं काढतो. वाईट काढतो म्हणून झाकून ठेवतो." एक चित्र दाखवलंही. तळं होतं, फ्लेमिंगो होते. फ्लेमिंगो कोंबड्यांसारखे दिसत होते हे खरंच, पण पाणी... आपलं पहाटेचं पाणी जसं असतं ना, वर वाफ आणि काठाला बर्फाची साय, तसं ते होतं. पण गाव तापलेलं होतं. कोणीतरी ओरडलं, "कंपनीवाले चित्रं पण काढतात!" आणि बरण्या पाटात रिकाम्या केल्या. पाट थोडा वेळ लाल वाहिला, मग हिरवा. पोरं हसत होती.

मी त्याला बसपर्यंत पोचवायला गेले. तो रागावलाच नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. बसच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "देल्मिराबाई, तुमच्या त्या राशींवर जांभळी लोकर आहे. पाऊस शिंतडला त्या दिवशी धूळ धुऊन गेली आणि मी पाहिली. तसा जांभळा मला या सगळ्या डोंगरांत कुठल्या दगडात सापडला नाही. त्यासाठीच बसायचो तिथे. गावात कोण काढतं हो तो रंग?"

मी म्हटलं, "कोणी नाही. माझी आई काढायची."

बस गेली आणि मी तिथेच उभी.

मी राशींकडे गेलेले नाही. हात लावू नये म्हणतात, तो लावलेला नाहीच. पण एक काम कर. कार्निव्हलला लामांचा फुलोरा आहे, सगळ्यांच्या कानात फुलं बांधायची आणि माझ्याकडची लड कसरीने खाल्ली. तू नेलेल्यातली थोडी जांभळी परत पाठव. सगळी नको. आरशाचं फूल पाठवलंस तरी पुरे.

देल्मिरा

*

कलामा, ७ जानेवारी १९९५

लाडक्या ताईस,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा! तुला आणि कपितानला.

लोकरीचं काय झालं सांगतो. अगं, गाडी बदलली. जुनी गाडी आंतोफागास्ताला गेली, आरशाच्या फुलासकट. मी ओरडत राहिलो, पण साहेबापुढे कोणाचं चालतं? आणि बाकीच्या लडी ड्रायव्हरांनी नेल्या. एकाच्या घरी उंदरांनी खाल्ल्या, दुसरा नोकरी सोडून गेला, तिसऱ्याच्या बायकोने धुतली तर रंगच गेला. म्हणजे बघ. पण तू काळजी करू नकोस, बाजारातून उत्तम लोकर घेऊन पाठवतो आहे. जांभळी आहे, उलट आईच्या रंगापेक्षा जास्त चमकते. लामांना काय कळतंय!

म्हातारा गेला हे बेस झालं. आता मन निवांत.

अजून एक. या महिन्याच्या मध्यावर काही माणसं येतील, पक्षी मोजणारी. मोठी गाडी असेल, यंत्रं असतात त्यांची. माझ्या ओळखीची आहेत. त्यांना वरचं फाटक उघडून दे आणि तू बरोबर जाऊ नकोस, पक्षी बिचकतात. ती माणसं राशींपाशी थांबतील, थांबू दे. त्यांनाही श्रद्धा आहे. हे झालं की माझं कायमचं झालंच समज. म्हणजे, कंत्राटदार त्यांचाही ओळखीचा आहे, म्हणून.

बाळ मार्चमध्ये. मुलगी झाली तर आईचं नाव ठेवू म्हणतेय रोसाउरा.

तुझाच,
फौस्तो

*

कुचिलार, २५ जानेवारी १९९५

फौस्तो,

तुझी माणसं आली आणि गेली. चहा दिला, पाव दिला, फाटक उघडलं. बरोबर गेले नाही, तू नको म्हणालास ना. मुकादमाने विचारलं, "बाई, ते लोकरवाले दगड कुठे आहेत?" मी हाताने दाखवले. दिवसभर यंत्राचा आवाज येत होता. पक्षी मोजायला एवढा आवाज लागतो हे मला माहीत नव्हतं.

राशी जशाच्या तशा आहेत, दोरीसुद्धा आहे. तू काळजी करू नकोस.

बाजारची लोकर पोचली. चमकते खरी.

देल्मिरा

*

कलामा, ११ फेब्रुवारी १९९५

ताई,

घाईत लिहितो. तिथे काय झालं? ती माणसं म्हणतात प्रत्येक राशीपाशी बोअर मारला आणि थेंब नाही. वर मीठ, खाली कोरडी चिकणमाती, आणि त्यात यंत्राचं पातं मोडलं. असं कसं होईल? झऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आणि थेंब नाही? साहेबाने कंपनीला कळवलं की कुचिलारला पाणीच नाही, आणि सगळा राग माझ्यावर काढला. गाडीची किल्ली काढून घेतली. कायम होणं राहिलं, आहे ते पण गेलं.

ताई, खरं सांग. कोणी राशी हलवल्या का? तुला माझी शपथ. म्हातारा परत आला होता का? त्यानेच केलं असणार. गावात दुसरा कोण एवढा कारस्थानी आहे?

तू चिडली असशील तर चीड. पण मी काही वाईट केलेलं नाही. कोणीतरी खुणा करणारच होतं, मी नाही तर दुसरा. निदान मी आपला म्हणून देवाधर्माने तरी केल्या.

लगेच उत्तर दे. बस उद्या तिकडून परत निघते.

फौस्तो

*

कुचिलार, २ मार्च १९९५

फौस्तो,

बस तीनदा गेली. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. फुलोरा होऊ दे म्हटलं, मग लिहीन.

राशी कोणी हलवल्या ते सांगते. तुझी बाजारची लोकर उघडली त्या सकाळी मी फाटक बंद केलं, खिंडीतून वरच्या कुरणात गेले. पहिल्या राशीपुढे बसले, धरित्रीला वाइन दिली, पानं दिली, म्हटलं, "नवस खरा असेल तर माझा हात वाळू दे." आणि वरचा दगड उचलला. खाली लोखंडी पाइप, त्यावर पांढऱ्या रंगाने आकडा. आणि आईची जांभळी. तिच्या हातचा पीळ मी आंधळी झाले तरी ओळखीन रे.

हात वाळला नाही. रडले मात्र खूप. दगडावर डोकं टेकून रडले. म्हटलं, याला माहीत होतं! लाकडी खुंटी गाव जाळतं, प्लॅस्टिकची फीत गाव तोडतं, पण लोकर बांधलेल्या दगडाला कोणी बोट लावणार नाही, हे कंपनीच्या साहेबाला कुठून कळायला? ते कळायला आमच्याच चुलीपाशी वाढलेलं पोर लागतं. आम्ही तुझ्या पाइपांना वाइन पाजली. मी दोरी लावली, पाटी लिहिली. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, पण इथे त्या कुंपणाला राखण म्हणून मलाच बसवलं होतंस.

मग डोळे पुसले आणि कपितानला आणलं. हो, तुझ्याच कपितानला. पाइप आणि दगड त्याच्या पाठीवर लादले आणि एकेक रास उतरवून तळ्याच्या पलीकडे नेली, उद्यानाच्या हद्दीबाहेर, त्या चिकणमातीच्या मैदानात, जिथे आपल्या आजोबांच्या आजोबांनी पण ओल पाहिली नव्हती. ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने रचल्या. वर दगड, दगडाखाली लोकर. नेमकं हवं, तूच लिहिलं होतंस ना? किती खेपा झाल्या म्हणून सांगू. तो एकदाही बसला नाही की थुंकला नाही. शेवटच्या खेपेला मी दोरी आणि पाटीही नेऊन लावली. तुझी माणसं आली तेव्हा तीच पाटी वाचून ती थांबली.

गाडी गेल्यावर आईची लोकर सोडवून आणली. धुतली, वाळवली. थोडी वाल्दिवियाला पाठवली आहे, चेलोकाकांनी म्हाताऱ्याचा पत्ता काढून दिला. सोबत लिहिलं की बरण्या परत भरून ठेवीन, छाती बरी असेल तर या, खोली तुमचीच आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आम्ही, आणि दोर माझ्याच हातात होता. येईल की नाही देव जाणे.

गावसभेतही उभी राहिले. सांगितलं, म्हातारा निर्दोष होता, राशी कंपनीच्या होत्या, मी हलवल्या. सगळे उठून ओरडले, आजोबांनी मला मिठी मारली. मग त्यांनीच विचारलं, "पण बाई, लोकर बांधायचं त्यांना सुचवलं कोणी?"

मी गप्प बसले. फौस्तो, आयुष्यात मी कधी एवढी गप्प बसले नाही. तुझं नाव तोंडाशी आलं होतं. तुझं नाव घेतलं असतं तर पाणीपाळी गेली असती, दफनभूमीतली आईच्या शेजारची जागा गेली असती, आणि येणाऱ्या पोराला या गावात कोणी आपलं म्हटलं नसतं. नाही घेता आलं मला. आता काय झालंय सांगते. ती लोकर कोणाच्या घरची ते गावाला दिसतंय, आणि त्या घरात मी एकटीच राहते. मी पाटावर गेले की बायका बोलणं थांबवतात. नाक्यावर माझ्याबरोबर आता हिलारियोन आजोबांचा जावई बसतो, मदतीला म्हणून. मला कळत नाही का कशाला बसतो ते? ज्या नजरेने मी म्हाताऱ्याकडे बघत होते ना, तीच नजर आता माझ्यावर आहे. तशी बरोबरच आहे म्हणा.

तुझी भाकरी गेली याचं मला दुःख आहे, खरंच आहे. रोसाउराला इकडे घेऊन ये, बाळंतपण मी करीन. टोपी तयार आहे, मोठीच विणली आहे. पण ऑक्टोबरात पाटसफाईला तुझा गाळ तूच काढायचा आणि आजोबांनी पाळीला नाव पुकारलं की "हजर" तूच म्हणायचं. आणि त्याआधी सगळ्यांसमोर काय सांगायचं ते तुला ठाऊक आहे. तोवर मी गप्प राहीन. त्यापुढे राहीन असं समजू नकोस.

परवा फुलोरा झाला. मक्याची चिचा दारू प्यालो, नाचलो. आईच्या लोकरीची फुलं केली आणि साऱ्या जनावरांच्या कानात बांधली, अगदी नुकत्या जन्मलेल्यांच्या पण. कपितान पुढे येऊन उभा राहिला, दरवर्षीसारखी मान खाली केली. एवढं काम त्याने केलं, पहिलं फूल त्याचंच होतं. पण ते ज्याच्या नावाचं जनावर त्याने बांधायचं असतं, आणि आजवर तुझ्याऐवजी मी बांधत आले. या वेळी नाही बांधलं. तो बराच वेळ तसाच मान खाली करून उभा होता. तुझं फूल उंबऱ्यावर खिळ्याला टांगून ठेवलंय. त्याचे कान मोकळेच आहेत.

देल्मिरा